दोन ग्राफिक्सचा लॅपटॉप: कुठलं काम कुणाकडे, हे कसं ठरवायचं

साठ-सत्तर हजारांपुढचा लॅपटॉप घेतला की त्यात बहुतेक वेळा दोन ग्राफिक्स प्रोसेसर येतात. घेणाऱ्याला ठाऊक असतो तो एकच, ज्याचं स्टिकर किबोर्डशेजारी चिकटवलेलं असतं. मग काही दिवसांनी दोन तक्रारी सुरू होतात. पहिली: एवढं महागाचं कार्ड असून गेम अडखळतो, किंवा ऑटोकॅडमध्ये थ्री-डी मॉडेल फिरवताना चित्र मागे मागे राहतं. दुसरी: नुसता ब्राउझर उघडा आहे, तरी पंखे घुमतायत आणि बॅटरी तीन तासांत संपते. तक्रारी एकमेकींच्या विरुद्ध वाटल्या तरी मूळ एकच आहे. काम चुकीच्या प्रोसेसरकडे गेलेलं असतं. सेटिंग बदलण्याआधी आतलं वायरिंग समजून घेतलं, तर बाकीचं सगळं आपोआप उलगडतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पडद्याची तार कुणाकडे जाते?

पहिला ग्राफिक्स प्रोसेसर मुख्य प्रोसेसरच्याच चिपमध्ये असतो. आपण त्याला इनबिल्ट ग्राफिक्स म्हणतो. त्याची स्वतःची मेमरी नसते, लॅपटॉपच्या रॅममधूनच तो हवी तेवढी घेतो. वीज थोडी खातो, आणि टायपिंग, व्हिडिओ, वेबसाइट यांना पुरून उरतो. दुसरा म्हणजे वेगळं कार्ड, एन्व्हिडियाचं किंवा एएमडीचं. त्याची मेमरी वेगळी, त्याला थंड ठेवायची सोय वेगळी आणि भूकही वेगळी. आरटीएक्स ४०६० या लॅपटॉप कार्डाची कंपनीने ठरवलेली वीजमर्यादाच ३५ ते ११५ वॅट आहे. ती किती ठेवायची हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो, म्हणून तेच नाव असलेली दोन कार्डं दोन लॅपटॉपमध्ये वेगवेगळी पळतात.

सुरुवातीच्या काळात या दोघांमध्ये अदलाबदल करायला खरोखरीचं बटण असायचं. २००६ च्या सोनी वायो एसझेड मालिकेत किबोर्डच्या वर 'स्टॅमिना' आणि 'स्पीड' असा खटका होता, आणि तो सरकवला की मशीन रीस्टार्ट करावं लागे. फेब्रुवारी २०१० मध्ये एन्व्हिडियाने 'ऑप्टिमस' आणलं आणि खटका गेला. एएमडीने अशाच सोयीला पॉवरएक्सप्रेस, मग एन्डुरो अशी नावं दिली. नावं बदलत गेली, पण रचना आजही बऱ्याच लॅपटॉपमध्ये तीच आहे.

या रचनेत लॅपटॉपच्या पडद्याची तार कायम इनबिल्ट ग्राफिक्सलाच जोडलेली असते. वेगळ्या कार्डाचा पडद्याशी थेट संबंधच नसतो. गेम चालू असताना वेगळं कार्ड प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, आपल्या मेमरीत तयार करतं. मग ती फ्रेम मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्सप्रेस मार्गाने रॅममध्ये पाठवतं, आणि तिथून इनबिल्ट ग्राफिक्स ती पडद्यावर मांडतं. एकाने स्वयंपाक करायचा आणि दुसऱ्याने पानात वाढायचं, तसा हा प्रकार. म्हणूनच गेम वेगळ्या कार्डावर चालत असतानाही इनबिल्ट ग्राफिक्स थोडंफार कामात दिसतं. ते बिघाडाचं लक्षण नाही.

या ने-आणीचा खर्च किती, याचा हिशेब सहज मांडता येतो. १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. दर ठिपक्याला ४ बाइट धरले, तर एक फ्रेम सुमारे ८.३ मेगाबाइटची होते. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर ५०० मेगाबाइट, १४४ असतील तर जवळपास १.२ गिगाबाइट दर सेकंदाला इकडून तिकडे जातात. पीसीआय एक्सप्रेस तिसऱ्या पिढीच्या ८ लेन, म्हणजे त्या मार्गावरच्या समांतर वाटा, असतील तर कागदावर सेकंदाला साधारण ७.९ गिगाबाइट वाहू शकतात, म्हणजे एक फ्रेम पोचायला एक मिलिसेकंद लागते. लेन ४ असतील तर दोन मिलिसेकंद. ६० फ्रेमच्या कामात एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात, त्यात एक-दोन गेल्या तर कुणाला कळतही नाही. १४४ फ्रेमला मात्र वाट्याला ६.९ मिलिसेकंदच येतात, आणि तिथे या दोन टोचायला लागतात. म्हणून नकाशा काढणाऱ्याला, व्हिडिओ कापणाऱ्याला किंवा ६० फ्रेमवर समाधानी असणाऱ्याला या रचनेचा तोटा जाणवत नाही. वेगवान शूटिंग गेम खेळणाऱ्याला तो जाणवतो.

त्यावरचा उपाय म्हणजे मक्स स्विच. मदरबोर्डवरची ही एक छोटी चिप पडद्याची तार इनबिल्टकडून काढून थेट वेगळ्या कार्डाला जोडते. रेल्वेचे सांधे बदलावेत तसं. साध्या मक्सला रीस्टार्ट लागतो. २०२० पासून काही लॅपटॉपमध्ये 'ॲडव्हान्स्ड ऑप्टिमस' आलं, त्यात मशीन चालू असतानाच सांधा बदलतो आणि त्या वेळी पडदा क्षणभर थिजल्यासारखा होतो. मक्स नसेल तर कुठलंही सॉफ्टवेअर टाकून तो आणता येत नाही. ज्याला स्पर्धात्मक गेम खेळायचे आहेत त्याने लॅपटॉप घेतानाच हे विचारून घ्यावं, कारण नंतर त्यावर इलाज नाही.

आपल्या लॅपटॉपमध्ये काय आहे ते आधी पाहा

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि 'परफॉर्मन्स' टॅबवर जा. डावीकडे 'जीपीयू ०' आणि 'जीपीयू १' अशा दोन नोंदी दिसायला हव्यात. आकड्यावर विसंबू नका, त्याखालचं नाव वाचा. एकच नोंद दिसत असेल तर तीन शक्यता आहेत. मक्स वेगळ्या कार्डावर लावलेला असेल, लॅपटॉपच्या ॲपमधून वेगळं कार्ड पूर्ण बंद केलेलं असेल, किंवा ड्रायव्हरच, म्हणजे विंडोजला कार्डाशी बोलायला लागणारं सॉफ्टवेअर, बसलेला नसेल.

मग सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले या वाटेने जाऊन 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले' उघडा. तिथे प्रत्येक पडदा कुठल्या ग्राफिक्सला जोडलेला आहे ते स्पष्ट लिहिलेलं असतं. बाहेरचा मॉनिटर लावून हे पान पुन्हा उघडा, कारण बऱ्याच लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं भोक थेट वेगळ्या कार्डाला जोडलेलं असतं आणि टाइप-सीचं इनबिल्टला. काहींत याच्या उलट. एन्व्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये 'कॉन्फिगर सराउंड, फिजएक्स' या पानावर याचं चित्रच काढलेलं असतं: कुठलं पोर्ट कुणाचं. दोन मिनिटांचं काम आहे, पण पुढच्या निम्म्या अडचणींचं उत्तर त्या चित्रात सापडतं.

विंडोजला सांगायचं कसं

विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ च्या एप्रिलपासून, कुठला प्रोग्राम कुठल्या ग्राफिक्सवर चालवायचा हे खुद्द विंडोजमध्ये ठरवता येतं. वाट अशी: सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, आणि तिथे सगळ्यात खाली 'ग्राफिक्स'. यादीत हवा तो प्रोग्राम नसेल तर 'ब्राउज' दाबून त्याची ईएक्सई फाइल दाखवायची. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेला असेल तर आधी प्रकार बदलून 'मायक्रोसॉफ्ट स्टोअर ॲप' करायचा, नाहीतर तो सापडत नाही. मग 'ऑप्शन्स'मध्ये तीन पर्याय येतात. 'लेट विंडोज डिसाइड' म्हणजे विंडोजवर सोडून द्यायचं. 'पॉवर सेव्हिंग' म्हणजे इनबिल्ट. 'हाय परफॉर्मन्स' म्हणजे वेगळं कार्ड. शेवटच्या दोन पर्यायांखाली त्या त्या ग्राफिक्सचं नाव छापलेलं असतं, ते नीट वाचून मगच निवडा. निवड झाल्यावर प्रोग्राम पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा लागतो. चालू प्रोग्राम मध्येच कार्ड बदलत नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती चुकीची फाइल निवडण्यात. डेस्कटॉपवरचं चिन्ह दाबल्यावर उघडतो तो पुष्कळदा नुसता लाँचर असतो. तो गेम सुरू करून देतो आणि बाजूला होतो. सेटिंग लाँचरला लागतं आणि खरा गेम इनबिल्टवरच अडखळत राहतो. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती हे याचं ठळक उदाहरण: खरा गेम 'जावाडब्ल्यू' नावाच्या ईएक्सईमध्ये चालतो, लाँचरमध्ये नाही. खरी फाइल शोधायची खात्रीची रीत अशी. गेम सुरू करा, ऑल्ट-टॅब करून टास्क मॅनेजरवर या, 'डिटेल्स' टॅबमध्ये जी ओळ सर्वाधिक काम करताना दिसते तिच्यावर उजवं बटण दाबा आणि 'ओपन फाइल लोकेशन' निवडा. जी फाइल उघडते तीच ग्राफिक्सच्या यादीत टाकायची.

सेटिंग लागू झालं का, हेही तिथेच कळतं. 'प्रोसेसेस' टॅबमध्ये रकान्यांच्या मथळ्यावर उजवं बटण दाबून 'जीपीयू इंजिन' हा रकाना चालू करा. प्रोग्रामसमोर 'जीपीयू १ - थ्रीडी' असं दिसलं आणि जीपीयू १ हे वेगळं कार्ड असेल, तर काम योग्य जागी चाललंय. अंदाजावर राहण्यापेक्षा हा रकाना कायमचाच चालू ठेवलेला बरा.

आता एन्व्हिडिया कंट्रोल पॅनलकडे. 'मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज'मध्ये 'प्रोग्राम सेटिंग्ज' हा टॅब आहे आणि तिथेही प्रत्येक प्रोग्रामसाठी ग्राफिक्स निवडता येतं. जुन्या सल्ल्यांमध्ये हीच एक जागा सांगितलेली असते. पण विंडोजने एक सांगितलं आणि इथे दुसरं निवडलं, तर डायरेक्टएक्सवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ग्राफिक्स पद्धतीवर, चालणाऱ्या प्रोग्रामसाठी विंडोजचं चालतं. म्हणून आधी विंडोजमध्ये ठरवा. एखादा ओपनजीएल ही दुसरी पद्धत वापरणारा जुना प्रोग्राम तरीही ऐकत नसेल, तर कंट्रोल पॅनलमध्येही तीच निवड करा. दोन्हीकडे एकच निवड ठेवली की भांडण मिटतं. एएमडीच्या जुन्या लॅपटॉपमध्ये डेस्कटॉपवर उजवं बटण दाबल्यावर 'कॉन्फिगर स्विचेबल ग्राफिक्स' असा पर्याय येई. नव्या ड्रायव्हरांत ही निवड विंडोजकडेच सोपवलेली आहे.

काही प्रोग्राम या सगळ्याच्या पलीकडे असतात. ब्लेंडर या थ्री-डी प्रोग्राममध्ये रेंडर, म्हणजे मॉडेलचं अंतिम चित्र तयार करण्याचं काम, कुणी करायचं, हे त्याच्या स्वतःच्या 'प्रेफरन्सेस'मध्ये 'सिस्टीम'खाली ठरतं. तिथे कुडा किंवा ऑप्टिक्स (एन्व्हिडियाच्या कार्डाकडून काम करून घ्यायच्या पद्धती) निवडून कार्डापुढे खूण केली नाही, तर विंडोजमध्ये काहीही निवडा, रेंडर मुख्य प्रोसेसरवरच घासत बसेल. पायथनमधून कुडा वापरणारा प्रोग्राम सरळ एन्व्हिडियाच्या कार्डाकडेच जातो, त्याला या यादीत टाकायची गरज नाही. पडद्यावर चित्र दाखवायचं नसेल, नुसतं गणित करायचं असेल, तर तार कुणाकडे आहे याने काही बिघडत नाही.

हे करू नका

पहिली चूक डिव्हाइस मॅनेजरमधली. बॅटरी वाचावी म्हणून वेगळ्या कार्डावर उजवं बटण दाबून 'डिसेबल' करणारे पुष्कळ आहेत. परिणाम पुष्कळदा उलटा होतो. कार्डाला झोपवायचं, त्याची वीज तोडायची, हे काम त्याचा ड्रायव्हर करतो. 'डिसेबल' केलं की ड्रायव्हरच उतरतो, मग झोपवणार कोण? काही लॅपटॉपमध्ये कार्ड तसंच जागं राहून वीज खात बसतं, आणि दिसत मात्र नाही. इनबिल्ट ग्राफिक्स 'डिसेबल' करणं त्याहून वाईट, कारण पडद्याची तार त्याच्याकडेच आहे. गेम वेगळ्या कार्डावर ढकलला जाण्याऐवजी विंडोज अगदी प्राथमिक डिस्प्ले ड्रायव्हरवर येतं आणि वेगळं कार्ड पडद्याविना बसून राहतं.

दुसरी चूक कंट्रोल पॅनलच्या 'ग्लोबल सेटिंग्ज'मध्ये सरसकट वेगळं कार्ड निवडण्याची. तसं केलं की ब्राउझर, वर्ड, पीडीएफ वाचायचा प्रोग्राम, सगळ्यांसाठी मोठं कार्ड जागं होऊ लागतं. 'पॉवर मॅनेजमेंट मोड'मध्ये 'प्रिफर मॅक्सिमम परफॉर्मन्स' हेही ग्लोबल ठेवू नये. गरज असेल त्या एखाद्या प्रोग्रामलाच लावावं.

कार्ड झोपतंय का?

कार्डाला कामाला लावण्याइतकंच काम नसताना त्याला झोपवणं महत्त्वाचं आहे, आणि याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. हिशेब बघा. बॅटरी ५६ वॅट-तासांची आहे आणि हलक्या कामात लॅपटॉप ८ वॅट घेतो, असं धरलं तर ७ तास मिळतात. त्यात वेगळं कार्ड नुसतं जागं राहून आणखी ८ वॅट घेऊ लागलं, तर तोच लॅपटॉप साडेतीन तासांत बसतो. लाइट गेल्यावर अर्धवट राहिलेलं सबमिशन पुरं करायचं असेल तर हा फरक फार मोठा आहे.

एन्व्हिडिया कंट्रोल पॅनलच्या मेनूत 'डिस्प्ले जीपीयू ॲक्टिव्हिटी आयकॉन इन नोटिफिकेशन एरिया' असा पर्याय आहे. तो चालू केला की घड्याळाजवळ एक छोटं चिन्ह येतं. कार्ड जागं असलं की ते रंगीत होतं, आणि त्यावर क्लिक केलं की कुठल्या प्रोग्राममुळे जागं आहे त्याची यादी दिसते. या यादीत सहसा सापडतात ते हलते वॉलपेपर, दिव्यांचे रंग बदलणारी ॲप्स, गेमचे लाँचर आणि व्हिडिओ कॉलचे प्रोग्राम. अशा प्रत्येकाला विंडोजच्या ग्राफिक्स यादीत 'पॉवर सेव्हिंग' देऊन टाका. तापमान दाखवणारी ॲप्सही जपून वापरा. दर दोन सेकंदांनी 'किती तापलास' असं विचारत राहिलं तर कार्डाला झोप लागेल कशी?

बाहेरचा मॉनिटर हे जागरणाचं दुसरं मोठं कारण. एचडीएमआय वेगळ्या कार्डाचं असेल, तर मॉनिटर जोडलेला असेपर्यंत ते कार्ड झोपणार नाही. त्यावर सेटिंग नाही, ती तारेची गोष्ट आहे. इनबिल्टच्या टाइप-सी पोर्टातून मॉनिटर जोडता आला तर पंखे शांत होतात. अर्थात त्या टाइप-सीला चित्र पाठवता येतं की नुसतं चार्जिंग आणि डेटा, हे लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बघून घ्या.

याच तारेमुळे होणारी एक फजिती टाळण्यासारखी आहे. असूसच्या आर्मरी क्रेट ॲपमध्ये 'इको' नावाचा मोड आहे, तो वेगळं कार्ड पूर्णच बंद करतो. बॅटरीला उत्तम. पण एचडीएमआय त्या कार्डाचं असेल, तर तेही मुकं होतं. प्रेझेंटेशनच्या दिवशी प्रोजेक्टर लावला आणि काहीच दिसेना, असं झालं तर केबल बदलत बसण्याआधी हा मोड बघा.

मक्स बदलताना

मक्सचा पर्याय प्रत्येक कंपनी वेगळ्या नावाने देते. लेनोव्होच्या लीजनमध्ये तो व्हॅन्टेज ॲपमध्ये 'हायब्रिड मोड' म्हणून असतो: तो बंद केला की पडदा थेट वेगळ्या कार्डावर जातो. असूसमध्ये तेच 'अल्टिमेट', एमएसआयमध्ये 'डिस्क्रीट ग्राफिक्स मोड', एचपी ओमेनमध्ये गेमिंग हबमधला ग्राफिक्सचा पर्याय. बऱ्याच मशीनमध्ये बायोसमधूनही, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमधूनही, बदलता येतं. ते उघडायला लॅपटॉप सुरू होताना दाबायची कळ: लेनोव्हो, डेल, असूस आणि एसर यांना बहुधा एफ२, एचपीला एफ१०, एमएसआयला डिलीट.

बदल करण्याआधी एक काम न विसरता करा: बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, रिकव्हरी की हाताशी ठेवा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्शन आधीपासून चालू असतं आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो. बायोसमध्ये बदल झाला की विंडोज कधी कधी शंका घेतं आणि सुरू होताना ४८ आकड्यांची की मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, पण लॅपटॉप अडल्यावर ती शोधायला दुसरा फोन आणि पासवर्ड लागतो. आधीच कागदावर उतरवून ठेवली तर घाबरायचं कारण नाही.

थेट कार्डाच्या मोडमध्ये फ्रेम वाढतात आणि चित्राचा उशीर कमी होतो. जी-सिंक (पडद्याचा वेग गेमच्या फ्रेमशी जुळवणारी एन्व्हिडियाची सोय) असलेल्या लॅपटॉपवर लॅपटॉपच्या पडद्यासाठी ते चालू करण्याचा पर्यायही याच मोडमध्ये दिसतो. किंमत बॅटरीत मोजावी लागते, कारण आता साधा डेस्कटॉपही मोठं कार्डच दाखवतं. पडद्याचा उजेड एकदम पूर्ण होणं किंवा रंग जरा वेगळे वाटणं हेही घडतं, कारण उजेड आणि रंगांची सेटिंग्ज दोन्ही ग्राफिक्सच्या ड्रायव्हरांत वेगवेगळी असतात. ती एकदा पुन्हा लावून घ्यायची. आमचं मत विचाराल तर कॉलेज किंवा ऑफिसला रोज लॅपटॉप नेणाऱ्याने हायब्रिडच ठेवावं आणि सुट्टीत खेळायला बसताना बदलावं. चोवीस तास टेबलावर चार्जरला लावलेल्या लॅपटॉपला मात्र थेट मोड ठेवायला हरकत नाही.

नेहमी अडतं ते

बॅटरीवर गेम बरोबर ३० फ्रेमवर अडकतो. कार्ड बिघडलेलं नाही. एन्व्हिडियाची 'बॅटरी बूस्ट' नावाची सोय बॅटरीवर फ्रेम मुद्दाम रोखून धरते. एन्व्हिडिया ॲपमध्ये ती बंद करता येते. पण बॅटरी तेवढी वीज देऊच शकत नसल्याने चार्जरवरचा वेग मिळणार नाही. ६५ वॅटच्या टाइप-सी चार्जरवरही हेच होतं. सोबत आलेला मोठा अडॅप्टर २३० वॅटचा असेल, तर तो त्याच कारणासाठी तेवढा आहे.

ओबीएस या पडदा रेकॉर्ड करणाऱ्या प्रोग्राममध्ये रेकॉर्डिंग करताना पडदा काळा दिसतो. हायब्रिड मोडमध्ये डेस्कटॉप इनबिल्ट ग्राफिक्स रंगवतं. ओबीएस वेगळ्या कार्डावर चालत असेल, तर त्याला तो डेस्कटॉप दिसतच नाही. पूर्ण पडदा रेकॉर्ड करायचा असेल तर ओबीएसला 'पॉवर सेव्हिंग' द्या. 'गेम कॅप्चर' वापरायचं असेल तर गेम ज्या कार्डावर आहे त्याच कार्डावर, म्हणजे 'हाय परफॉर्मन्स'वर ठेवा. ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्या शिक्षकांना पहिली जोडी लागते, गेम दाखवणाऱ्यांना दुसरी. 'डिस्प्ले कॅप्चर'च्या गुणधर्मात विंडोज १० ची नवी पद्धत निवडूनही बहुतेक वेळा काम होतं.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर पिवळी खूण आणि 'कोड ४३' दिसतो. ड्रायव्हरने 'यात काहीतरी बिघडलंय' असं कळवल्यावर विंडोज कार्ड थांबवतं, त्याचा हा आकडा. लगेच सर्व्हिस सेंटर गाठू नका. विंडोजचं साधं 'शट डाउन' पुरं बंद करत नाही, 'फास्ट स्टार्टअप'मुळे जुनी अवस्था जपून ठेवतं. म्हणून शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन' निवडा, चार्जर काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, मग सुरू करा. एवढ्याने पुष्कळदा कार्ड परत येतं. नाही आलं, तर सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर वापरून जुने ड्रायव्हर पुसा. ते करताना इंटरनेट तोडून ठेवा, नाहीतर विंडोज अपडेट मध्येच आपला ड्रायव्हर बसवतं. मग क्रमाने बसवा: आधी चिपसेट, मग इनबिल्टचा, शेवटी वेगळ्या कार्डाचा. तिन्ही लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पानावरून, तुमच्या नेमक्या मॉडेल क्रमांकाचे. सगळं सुरळीत चाललं की मग नवे ड्रायव्हर घ्या. २०१० ते २०१३ च्या सुमाराचे इंटेल आणि एएमडीची जोडी असलेले लॅपटॉप याबाबतीत फार नाजूक आहेत. त्यांचे दोन्ही ड्रायव्हर एकाच जोडसंचात यायचे. एक सुटा अपडेट केला की अदलाबदल मोडते, तेव्हा त्यांना मूळ संचावरच राहू द्या.

स्विच करताना पडदा काळा होऊन तसाच राहिला, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि उघडी कामं जात नाहीत.

लिनक्सवर

इथे बरीच वर्षं हालच होते. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी एन्व्हिडियाला जाहीरपणे शिवी हासडली, तो प्रश्नही ऑप्टिमसच्या लॅपटॉपबद्दलच विचारलेला होता. २०१९ मध्ये ४३५ क्रमांकाच्या ड्रायव्हरमालिकेत एन्व्हिडियाने 'प्राइम रेंडर ऑफलोड', म्हणजे हवा तो प्रोग्राम वेगळ्या कार्डाकडे सोपवायची सोय, दिली, तेव्हापासून गाडी रुळावर आली.

उबुंटूमध्ये 'प्राइम-सिलेक्ट' ही कमांड तीन पर्याय देते: इंटेल, ऑन-डिमांड आणि एन्व्हिडिया. बहुतेकांनी 'ऑन-डिमांड' ठेवावं. मग सगळं इनबिल्टवर चालतं, आणि एखादा प्रोग्राम वेगळ्या कार्डावर हवा असेल तर ग्नोमच्या (उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपच्या) ॲपयादीत त्यावर उजवं बटण दाबून वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर उघडण्याचा पर्याय निवडायचा. टर्मिनलवरून उघडायचं असेल आणि कमांड उपलब्ध असेल, तर आधी 'प्राइम-रन' लावायचं. दोन्ही ग्राफिक्स एएमडीची असतील तर 'डीआरआय_प्राइम=१' हे प्रोग्रामच्या नावाआधी रोमन मोठ्या अक्षरांत लिहिलं की झालं.

ड्रायव्हर बसवूनही कार्ड दिसत नसेल तर आधी सिक्युअर बूटवर संशय घ्या. ते चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आत घेत नाही. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठेवायला सांगतात, आणि पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर 'एनरोल मॉक' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. तो पडदा थोडाच वेळ थांबतो. घाईत निसटला की ड्रायव्हर बसूनही लागू होत नाही.

झोपेचा प्रश्न इथे कार्डाच्या पिढीवर ठरतो. आरटीएक्स ३० मालिका आणि तिच्या पुढच्या लॅपटॉप कार्डांमध्ये, मशीनची साथ असेल तर, वीज तोडून झोपणं आपोआप चालू असतं. जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मालिकेत ते जमतं, पण ड्रायव्हरच्या मॉड्यूलला 'डायनॅमिक पॉवर मॅनेजमेंट'चा पर्याय ०x०२ असा हाताने द्यावा लागतो. जीटीएक्स १० आणि त्याआधीच्या कार्डांना ही सोय नाही. त्यांना 'ऑन-डिमांड'वर ठेवलं तर ती जागीच राहतात, म्हणून प्रवासाला निघताना 'इंटेल' निवडून रीस्टार्ट केलेलं चांगलं. आणि कार्ड झोपलंय का हे बघायला 'एन्व्हिडिया-एसएमआय' चालवू नका. ती कमांड उत्तर मिळवण्यासाठी आधी कार्डालाच उठवते, आणि मग ते जागं आहे असं सांगते. त्याऐवजी 'सिस' फोल्डरमध्ये पीसीआय उपकरणांच्या यादीत आपल्या कार्डाच्या 'पॉवर' फोल्डरातली 'रनटाइम_स्टेटस' ही फाइल वाचा. तिथे 'सस्पेंडेड' लिहिलेलं असेल, तर कार्ड गाढ झोपलेलं आहे.